वेड, व्यसन आणि व्रत

(एका बुद्धिबळ मंडळाच्या वार्षिक पारितोषिक वितरण समारंभात झालेल्या भाषणाचे शब्दांकन.)



पारितोषिक वितरणाच्या कार्यक्रमात विजेत्यांचे कौतुक करायचे असते आणि ते आपण मन:पूर्वक करणारच आहोत. तथापि आज मला बोलायचे आहे ते प्रामुख्याने ज्यांना पारितोषिक मिळालेले नाही त्यांच्याविषयी. बुद्धिबळाच्या कोणत्याही स्पर्धेत करंडक घेऊन घरी जाणारे मोजके असतात. रिकाम्या हाताने जाणारेच बहुसंख्य. आणि गंमत अशी की, हे बहुसंख्य लोक पुढच्या स्पर्धेला पुन्हा हजर होतात. पदरचे पैसे खर्च करून, रात्रीच्या एस.टी.ने प्रवास करून, आपल्याहून बलवान खेळाडूंशी गाठ पडणार हे पक्के ठाऊक असूनही येतात. शाळकरी पोरे येतात, बँकेतून निवृत्त झालेले काका येतात. चौसष्ट घरांपुढे बसले की त्यांना तहानभुकेची शुद्ध राहत नाही. घरची माणसे कपाळाला हात लावतात आणि म्हणतात, ‘याला वेड लागले आहे.’

हे वेड म्हणजे नेमके काय? ते माणसाला कुठे नेते? माझ्या मते या वेडाला दोन वाटा फुटतात. एक व्यसनाकडे जाते, दुसरी व्रताकडे. आणि या वाटा जिथे फुटतात ती जागा विजयाची नसून पराभवाची असते. आपण हरल्यानंतर काय करतो, यावरून आपले वेड कोणत्या जातीचे आहे ते कळते. आजच्या भाषणाचे सूत्र एवढेच.

दैवाला जागा नसलेला पट

पटावरचे खेळ आपल्या देशाला नवे नाहीत. सारीपाट होता, द्यूत होते. या खेळांत फासे होते, कवड्या होत्या. म्हणजेच दैवाला हात घालायला जागा होती. धर्मराज युधिष्ठिर द्यूतात सर्वस्व हरला. पण फासे शकुनीचे होते, खेळ कपटाचा होता, असे म्हणण्याची सोय महाभारताने आपल्याला ठेवली आहे. चतुरंगात मात्र दोन्ही सेना सारख्या, दोघांचा पट एकच आणि सारे काही डोळ्यांसमोर उघडे. पत्त्यांसारखे हातात काही लपवलेले नाही.

सातव्या शतकात बाणभट्टाच्या ‘हर्षचरिता’त चतुरंगाच्या पटाचा उल्लेख येतो. बाराव्या शतकात चालुक्य नृपती तिसरा सोमेश्वर आपल्या ‘मानसोल्लास’ या ज्ञानकोशात या खेळाला स्थान देतो. सतराव्या शतकात काशीला स्थायिक झालेल्या, मूळच्या पैठणच्या भट्ट घराण्यातील नीलकंठ भट्ट ‘नीतिमयूखा’त त्याचे विवेचन करतात. राज्यव्यवहाराच्या ग्रंथात एका खेळाचा समावेश व्हावा, हे मला फार अर्थपूर्ण वाटते. राजाला जो खेळ शिकवायचा, त्यात सबबीला जागा नसावी, ही दृष्टी त्यामागे मला दिसते.

क्रिकेटमध्ये खेळपट्टी असते, पंचाचा निर्णय असतो, सहकाऱ्याने सोडलेला झेल असतो. सांघिक खेळात पराभव अकरा जणांत वाटून घेता येतो. बुद्धिबळात पांढरी सोंगटी कोणाला मिळणार, एवढाच काय तो योगायोग. त्यानंतरची प्रत्येक चाल आपण स्वत:च्या हाताने केलेली असते. किंबहुना मोहऱ्याला हात लागला की तेच मोहरे हलवावे लागते, इतका हा नियम कठोर आहे. त्यामुळे डाव हरला की ‘माझे मोहरे हरले’ असे कोणी म्हणत नाही. ‘मी हरलो’ असेच म्हणतो. त्यातही लोक याला ‘बुद्धी’चे बळ म्हणतात. म्हणजे हरणाऱ्याला वाटते की, आपली बुद्धीच चारचौघांत कमी ठरली. दहा वर्षांचा मुलगा हरल्यावर स्वच्छतागृहात जाऊन रडतो, त्याचे कारण हे आहे.

पटावर दिसते तरी काय?

बुद्धिबळपटूच्या मनाचा अभ्यास मानसशास्त्राने फार पूर्वी सुरू केला. फ्रेंच मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड बिने यांनी १८९४ मध्येच पट न पाहता खेळणाऱ्या खेळाडूंविषयी लिहिले. पुढे नेदरलँडचे आद्रियान द ख्रोट यांनी १९४६ मध्ये या विषयावर प्रबंध सादर केला. ते स्वत: आपल्या देशाकडून ऑलिंपियाड खेळलेले होते. सर्वसाधारण समज असा की, उत्तम खेळाडू सामान्य खेळाडूपेक्षा कितीतरी अधिक चाली पुढचे पाहतो. द ख्रोट यांना आढळले ते वेगळेच. चालींच्या मोजणीत श्रेष्ठ आणि साधारण खेळाडूंत फारसा फरक नव्हता. फरक होता तो पाहण्यात. श्रेष्ठ खेळाडूची नजर थोड्याच क्षणांत योग्य जागी पोहोचत होती.

त्यानंतर १९७३ मध्ये अमेरिकेत विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. खऱ्या डावातील स्थिती काही सेकंद दाखवायची आणि आठवणीने पुन्हा मांडायला सांगायची. निष्णात खेळाडूने ती जवळपास जशीच्या तशी मांडली. नवख्याला चार-पाच मोहऱ्यांपलीकडे जमले नाही. मग तेच मोहरे पटावर कसेही विखरून ठेवले, तेव्हा निष्णाताची सारी मातब्बरी संपली. याचा अर्थ असा की, त्याची स्मरणशक्ती काही अलौकिक नव्हती. त्याला पटावर सुटे मोहरे दिसत नव्हते; ओळखीच्या रचना दिसत होत्या. आपण वाचताना एकेक अक्षर लावत बसत नाही, शब्द एकदम ओळखतो. जाणकार श्रोता दोन स्वरसंगतींतच राग ओळखतो. तसेच हे आहे.

या वेडाचे मर्म मला इथे सापडते. बुद्धिबळ शिकणे म्हणजे एक भाषा शिकणे आहे. ज्याला ती येत नाही, त्याला दोन माणसे तासन् तास निश्चल बसलेली दिसतात. ज्याला येते, त्याला त्या शांततेत एक अखंड संवाद ऐकू येतो. प्रश्न, प्रतिप्रश्न, थाप, इशारा आणि शेवटी शरणागती. ही भाषा एकदा अवगत झाली की ती सुटत नाही. जेवणाच्या ताटाभोवतीच्या वाट्याही मग मोहऱ्यांसारख्या दिसू लागतात.

परंतु हीच ओळखीची नजर कधी दगाही देते. २००६ मध्ये बॉन येथे तत्कालीन विश्वविजेते व्लादिमीर क्रामनिक संगणकाविरुद्ध खेळत असताना त्यांना एका चालीतली मात दिसली नाही. पहिल्या महिन्यातला विद्यार्थीही जी पाहू शकला असता ती मात जगज्जेत्याच्या नजरेतून निसटली! बालमित्रांनो, आज तुमच्यापैकी कोणाचा वजीर फुकट गेला असेल, तर एवढे लक्षात ठेवा की तुम्ही अगदी मोठ्या माणसांच्या पंक्तीत बसला आहात.

वेडाच्या दोन वाटा

आता व्यसनाच्या वाटेकडे वळू. मुन्शी प्रेमचंद यांची ‘शतरंज के खिलाड़ी’ ही कथा १९२४ ची. सत्यजित राय यांनी १९७७ मध्ये तिच्यावर चित्रपट काढला, म्हणून ती अनेकांना ठाऊक आहे. १८५६ मध्ये कंपनी सरकार अयोध्येचे राज्य गिळंकृत करत आहे, नवाब वाजिद अली शाह कैद होत आहेत आणि लखनौचे दोन जहागीरदार मिर्झा आणि मीर पडक्या मशिदीत पट मांडून बसले आहेत. खऱ्या राजाला मात होत असताना ज्यांच्या डोळ्यांतून टिपूस गळत नाही, ते लाकडी वजिरासाठी तलवारी उपसतात आणि प्रेमचंदांच्या कथेत तर एकमेकांचा जीव घेतात.

या कथेचा दोष बुद्धिबळाच्या माथी मारू नये. मिर्झा आणि मीर कर्तव्यापासून पळत होते. पट ही त्यांनी लपण्यासाठी शोधलेली जागा होती. व्यसनाची ही पहिली खूण. जे वेड माणसाला जगापासून लपायला शिकवते, ते व्यसन.

दुसरी खूण अधिक सूक्ष्म आहे. अमेरिकेतील पॉल मॉर्फी विशीत युरोपला गेला, १८५८-५९ मध्ये तिथल्या मातब्बरांना हरवून आला आणि लवकरच गंभीर खेळापासून कायमचा दूर झाला. वकिलीत त्याचा जम बसला नाही. उत्तरायुष्यात कोणीतरी आपला छळ करते आहे या भ्रमाने त्याला ग्रासले आणि १८८४ मध्ये सत्तेचाळिसाव्या वर्षी तो गेला. आकिबा रुबिनस्टाइन या पोलिश खेळाडूने १९१२ या एकाच वर्षात पाच मोठ्या स्पर्धा जिंकल्या. पुढे मनाच्या आजाराने त्याला १९३२ नंतर खेळापासून दूर नेले. बॉबी फिशर १९७२ मध्ये रेक्याविकला विश्वविजेता झाला आणि त्यानंतर वीस वर्षे त्याने स्पर्धेतील एकही डाव खेळला नाही. १९७५ मध्ये न खेळताच त्याचे विजेतेपद गेले. २००८ मध्ये त्याच रेक्याविकमध्ये, जगाशी वैर धरलेल्या अवस्थेत, त्याचा अंत झाला.

या उदाहरणांवरून ‘बुद्धिबळाने डोके फिरते’ असा निष्कर्ष काढणारे पुष्कळ आहेत. तो मला मान्य नाही. मनाचे आजार डॉक्टरांना, शिक्षकांना, शेतकऱ्यांनाही होतात. त्यांचे कारण पटावर शोधणे अन्यायाचे ठरेल. अर्नेस्ट जोन्स या मनोविश्लेषकाने १९३१ मध्ये मॉर्फीवर निबंध लिहून राजावर मात करण्यात पित्याविषयीचा सुप्त वैरभाव शोधला होता. ज्या देशात वडील मुलाला आणि आजोबा नातवाला मांडीवर बसवून पहिली चाल शिकवतात, त्या देशाला हे निदान पटणे कठीण आहे. परंतु फिशरच्या बाबतीत एक गोष्ट मनात येतेच. जो खेळत नाही तो हरतही नाही. ज्याचे सारे मोल विजयावर टांगलेले आहे, त्याला कधीतरी पटाचेच भय वाटू लागते. ही व्यसनाची दुसरी खूण.

याच्या अगदी उलट मिखाईल ताल. रिगा शहराचा हा खेळाडू १९६० मध्ये विश्वविजेता झाला आणि पुढच्याच वर्षी परतीच्या लढतीत बोत्विनिककडून हरला. जन्मभर मूत्रपिंडाच्या विकाराने त्याचा पिच्छा पुरवला. तरी त्याचा खेळातला आनंद आटला नाही. एका डावात गहन स्थितीवर विचार करताना त्याच्या मनात मुलांच्या कवितेतला पाणघोडा आला आणि दलदलीत रुतलेला पाणघोडा बाहेर कसा काढावा, यावर तो बराच वेळ विचार करत बसला, ही हकिकत त्याने स्वत:च सांगितली आहे. शेवटी ‘बुडू दे त्याला’ म्हणून तो पटाकडे वळला आणि मनाचा कौल मानून बलिदानाची चाल करून मोकळा झाला. मे १९९२ मध्ये रुग्णालयातून उठून तो मॉस्कोतील जलद स्पर्धेत खेळायला गेला आणि तिथे त्याने गॅरी कास्पारोव्हला एक डाव हरवला. पुढच्याच महिन्यात त्याचा मृत्यू झाला. एकच विजेतेपद, तेही वर्षभराचे. पण जगभरचे खेळाडू आजही त्याचे नाव प्रेमाने घेतात.

पराभवाचा संस्कार

बुद्धिबळाच्या जगात काही रीती आहेत. डाव सुरू होण्यापूर्वी हस्तांदोलन, डाव संपल्यावर हस्तांदोलन. हरल्याची खात्री पटली की मात होईपर्यंत न ताणता स्वत:हून डाव सोडायचा. आणि सर्वांत सुंदर रीत म्हणजे, डाव संपल्यावर दोघांनी मिळून तोच डाव पुन्हा मांडायचा. पाच मिनिटांपूर्वी ज्याने आपला राजा कोंडला, त्यालाच विचारायचे, ‘इथे मी घोडा घेतला असता तर?’ तोही प्रांजळपणे सांगतो, ‘मग मी अडचणीत होतो.’ निकाल लागल्यावर दोन्ही पक्षांनी एकत्र बसून सत्य काय होते ते शोधायचे, अशी रीत आपल्या सार्वजनिक जीवनात किती ठिकाणी आढळते? शास्त्रार्थाची आपली जुनी परंपरा मला या दृश्यात दिसते. तिथे वादी हरला तरी वाद फुकट जात नसे, कारण तत्त्वबोध दोघांचाही होत असे.

या संस्काराचे अलीकडचे उदाहरण डोळ्यांसमोर आहे. २०१३ मध्ये चेन्नईत विश्वनाथन आनंद आणि मॅग्नस कार्लसन यांची विश्वविजेतेपदाची लढत झाली. आनंदने ती गमावली. काचेपलीकडून ती पाहणाऱ्यांत सात वर्षांचा दोम्माराजू गुकेश होता. म्हणजे या मुलाच्या मनात बीज पडले ते आपल्या नायकाच्या विजयातून नव्हे, तर पराभवातून. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये सिंगापूरला चीनच्या डिंग लिरेनविरुद्ध तो लढतीला बसला आणि पांढऱ्या सोंगट्या असूनही पहिलाच डाव हरला. त्या दिवशी हॉटेलच्या लिफ्टमध्ये आनंद भेटले. त्यांनी सांत्वनाचे लांबलचक भाषण केले नाही. २०१० मध्ये सोफियाला तेही पहिला डाव हरले होते. आपल्याजवळ तेव्हा अकराच डाव उरले होते, तुझ्याजवळ तेरा आहेत, एवढेच त्यांनी सांगितल्याचे गुकेशने नंतर सांगितले. एका पिढीने दुसऱ्या पिढीला पराभवाचा अनुभव वारशासारखा सोपवला!

चौदाव्या आणि अखेरच्या डावात, बरोबरी जवळ दिसत असताना, डिंगच्या हातून पंचावन्नाव्या चालीत चूक झाली आणि अठरा वर्षांचा गुकेश विश्वविजेता ठरला. त्याला अश्रू आवरले नाहीत. पण त्या अवस्थेतही त्याने विखुरलेली मोहरी पुन्हा आपापल्या घरांत मांडली आणि पटाला नमस्कार केला. नंतर पत्रकारांसमोर त्याने आधी गौरव केला तो प्रतिस्पर्ध्याचा. आणि डिंगचेही मोठेपण पाहा. २०२३ मध्ये विजेतेपद मिळवल्यावर हा माणूस नैराश्याने आणि निद्रानाशाने खचला होता आणि ते त्याने लपवले नाही. अशा स्थितीत तो चौदा डाव झुंजला आणि हरल्यावर, आपल्याला खंत नाही, असे शांतपणे म्हणाला. ग्रंथांत वाचलेला स्थितप्रज्ञ हा शब्द अशा वेळी समोर खुर्चीवर बसलेला दिसतो.

महाराष्ट्राच्या घराघरांतील पट

महाराष्ट्राचा या परंपरेत मोठा वाटा आहे. १९५५ मध्ये एलुरू येथे झालेल्या पहिल्या राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेचे संयुक्त विजेतेपद रामचंद्र सप्रे यांनी मिळवले होते. सांगलीत भाऊसाहेब पडसलगीकर यांनी बुद्धिबळाच्या प्रसारासाठी आयुष्य वेचले. आपण कार्यकर्त्यांनी त्यांची आठवण नित्य ठेवावी. कारण खेळाडूच्या वेडाइतकेच संघटकाचे वेडही अमोल असते आणि त्याला तर करंडकाचीही आशा नसते.

१९७४ मध्ये महिलांची राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाली. पहिली विजेती वासंती खाडिलकर. तिच्या बहिणी जयश्री आणि रोहिणी. पहिल्या दशकातील राष्ट्रीय विजेतेपदे या तीन भगिनींच्या घराबाहेर गेलीच नाहीत. १९७६ मध्ये तेरा वर्षांची रोहिणी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली, तेव्हा गदारोळ झाला. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले आणि अखेर जागतिक महासंघाचे अध्यक्ष मॅक्स यूवे यांनी स्त्रियांना अशा स्पर्धांत मज्जाव करता येणार नाही, असा निर्णय दिला. पुढे १९८१ मध्ये रोहिणी आशियाई विजेती झाली. सोलापूरच्या भाग्यश्री साठे-ठिपसे, १९९७ मध्ये ग्रँडमास्टर झालेले प्रवीण ठिपसे, २००० मध्ये तो मान मिळवणारे पुण्याचे अभिजित कुंटे ही सारी याच मालिकेतली नावे.

पुण्याच्या सौम्या स्वामिनाथनचाही उल्लेख करायला हवा. २००९ ची ही कनिष्ठ गटातील जगज्जेती. २०१८ मध्ये इराणमधील आशियाई सांघिक स्पर्धेत डोक्यावर वस्त्र घेणे सक्तीचे होते, म्हणून तिने भारतीय संघातील आपली जागा सोडली. २०२२ च्या अखेरीस इराणच्या सारा खादेमने अल्माटीच्या जागतिक स्पर्धेत डोके न झाकता खेळण्याचे धैर्य दाखवले आणि पुढे तिला स्पेनमध्ये राहावे लागले. लखनौच्या जहागीरदारांशी या दोन तरुणींची तुलना करून पाहा. खेळावर जिवापाड प्रेम असूनही खेळापेक्षा मोठे काही आहे, हे ज्याला समजते त्याचे वेड व्रत झाले, असे समजावे.

२०२४ मध्ये बुडापेस्टच्या ऑलिंपियाडमध्ये भारताने खुल्या आणि महिला अशा दोन्ही गटांत सुवर्णपदके जिंकली. खुल्या संघात नाशिकचा विदित गुजराथी होता, महिला संघात नागपूरची दिव्या देशमुख होती आणि त्या संघाचे कर्णधार होते अभिजित कुंटे. २८ जुलै २०२५ रोजी जॉर्जियातील बाटुमी येथे एकोणीस वर्षांच्या दिव्याने कोनेरू हंपीला हरवून महिला विश्वचषक जिंकला. स्पर्धेला निघाली तेव्हा ग्रँडमास्टर किताबासाठी लागणारा एकही निकष तिच्या खाती नव्हता. परतली ती भारताची अठ्ठ्याऐंशीवी ग्रँडमास्टर होऊन. जिंकल्याबरोबर ती आईच्या गळ्यात पडून रडली. याच मुलीने २०२४ च्या जानेवारीत, प्रेक्षक आपल्या खेळाऐवजी आपल्या कपड्यांकडे, केसांकडे आणि बोलण्याच्या ढबीकडे पाहतात, अशी खंत जाहीरपणे मांडली होती. तिचे अभिनंदन करताना आपण ही खंतही ऐकली पाहिजे.

संशयाची कीड

आज या खेळापुढे एक नवे संकट आहे. खिशातला मोबाईल जगज्जेत्याहून बलवान झाला आहे. त्यामुळे फसवणूक सोपी झाली आणि त्याहून वाईट म्हणजे संशय सोपा झाला. संशय हा तसा बुद्धिबळपटूचा जुना रोग. १९७८ मध्ये फिलिपाइन्समधील बाग्यो येथे कार्पोव्ह आणि कोर्चनॉय यांच्या लढतीत एका बाजूला पाठवलेल्या दह्यावरून तक्रार झाली, टक लावून पाहणाऱ्या मानसशास्त्रज्ञावरून भांडण झाले आणि प्रत्युत्तरादाखल कोर्चनॉयच्या बाजूने आनंदमार्गी साधकही अवतरले. तेव्हाचे ते प्रकार आज हसण्यावारी नेता येतात. आता मात्र चौदा वर्षांच्या पोराने उत्तम डाव खेळला की मागून कुजबुज सुरू होते, ‘यंत्राची मदत घेतली असेल.’ नियम कडक असावेत, तपासणी व्हावी; पण पुराव्यावाचून आरोप करणे म्हणजे स्वत:च्या पराभवासाठी पुन्हा एकदा फासा शोधणे आहे. ज्या खेळात सबबीला जागा नव्हती, त्यात आपण ती मागच्या दाराने आणतो आहोत.

पालकांशी चार शब्द

आता पालकांशी थोडे स्पष्ट बोलायचे आहे. गुकेशच्या वडिलांनी मुलाबरोबर स्पर्धांना जाण्यासाठी शल्यविशारदाचा व्यवसाय बाजूला ठेवला, आईच्या पगारावर घर चालले. ही कथा ऐकून अनेक घरांत हिशेब सुरू झाले आहेत. नोकरी सोडावी काय? शाळा बंद करावी काय? मी कोणालाही ‘करू नका’ असे म्हणणार नाही. परंतु एक विचार जरूर करा. त्याग वडिलांनी केला आणि त्याची पावती मुलाने प्रत्येक फेरीत फाडायची, असा व्यवहार होऊ देऊ नका. ‘तुझ्यासाठी आम्ही काय काय सोडले’ हे वाक्य ज्या मुलाच्या कानावर रोज पडते, त्याच्यासाठी पट हा खेळ राहत नाही; ते कर्जाचे खाते होते.

दुसरी गोष्ट रेटिंगची. अर्पाद एलो या भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकाने ही पद्धत तयार केली आणि जागतिक महासंघाने ती १९७० मध्ये स्वीकारली. दोन खेळाडूंपैकी कोण जिंकण्याची शक्यता किती, याचा तो अंदाज आहे. प्रा. एलो यांनी मुलाची किंमत मोजण्याचे यंत्र बनवले नव्हते. तरी आज दोन मुले भेटली की नावाआधी रेटिंग विचारतात, दोन आया भेटल्या की त्याच आकड्यावर बोलतात. मग आकडा घसरेल या भीतीने मुले स्पर्धा टाळू लागतात. फिशरच्या वाटेवरचे हे पहिले पाऊल आहे, हे ओळखा.

व्यवहारातील तीन सूचना करतो. मूल हरून बाहेर आले की आधी त्याला खायला द्या. डावाचा विषय त्याने काढेपर्यंत काढू नका. घरी गेल्यावर ‘कशी चूक केलीस?’ असे न विचारता ‘तुला आवडलेली एक चाल दाखव’ असे म्हणा. तो चूक आपणहून दाखवील. आणि मूल कित्येक दिवस झोपत नसेल, जेवत नसेल, गप्प होत असेल, तर प्रशिक्षक बदलण्यापूर्वी डॉक्टरांना भेटा. १९८४-८५ मध्ये कार्पोव्ह आणि कास्पारोव्ह यांची लढत पाच महिने आणि अठ्ठेचाळीस डाव चालली. अखेर खेळाडूंच्या थकव्याचे कारण देऊन ती निकालाविना थांबवावी लागली. पोलादी वाटणारी माणसेही थकतात. मग आपली लेकरे थकली तर त्यात कमीपणा कसला? विश्वविजेतेपदाच्या लढतीसाठी गुकेशने मनाची तयारी करून घेणारा प्रशिक्षक बरोबर ठेवलाच होता.

बालमित्रांनो, शेवटचे दोन शब्द तुमच्यासाठी. तुमच्यापैकी बहुतेक जण ग्रँडमास्टर होणार नाहीत. हे ऐकून नाराज होऊ नका. गाणे शिकणारा प्रत्येक जण मैफल गाजवत नाही; पण जो शिकला त्याला आयुष्यभर गाणे ऐकता येते. तुम्हाला एक भाषा मिळाली आहे आणि तिच्यातला सर्वांत अवघड शब्द, ‘मी हरलो’, तुम्ही कोवळ्या वयात उच्चारायला शिकला आहात. मोठमोठ्या पदांवरच्या माणसांना तो अखेरपर्यंत जमत नाही. पुढे तुम्ही डॉक्टर व्हा, शेती करा, सैन्यात जा, दुकान चालवा. आपली चूक दुसऱ्याच्या माथी न मारता ती पुन्हा पटावर मांडून पाहण्याची सवय मोडू नका. अशी सवय असलेली माणसे ज्या समाजात अधिक, तो समाज सहसा मात खात नाही.